रात्री अकरानंतरची घरपोच सेवा : इंदुरात काय चालतं, काय अडकतं

इंदुरात रात्रीचा घरपोच धंदा काढायचा म्हटलं की बोलणं फिरून फिरून दारूवर येतं. ठेके (दारूची दुकानं) बंद झाल्यावर मागणी असते, माणूस जास्तीचे पैसे द्यायला तयार असतो, आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडे बाटली दारात येते हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मग आपल्याकडे का नाही? हा प्रश्न आधी निकाली काढू या. उत्तर 'नाही' असंच आहे, पण ते का नाही हे नीट कळलं की बाकीचा धंदा कुठे उभा राहू शकतो तेही कळतं.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यांची जी यादी आहे, तिच्यातली आठवी नोंद मादक पेयांची आहे. बनवणं, बाळगणं, नेणं, विकत घेणं, विकणं, सगळं राज्याच्या हातात. म्हणून मुंबईचा नियम मुंबईत आणि इंदूरचा इंदुरात. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. इतर धंद्यांत ज्याला मनाई नाही ते खुलं असतं. दारूच्या धंद्यात उलटं आहे : ज्याला परवाना नाही ते बंद. मद्याचा व्यापार हा कोणाचा मूलभूत हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये खोडे डिस्टिलरीजच्या निकालात स्पष्ट केलं आहे. त्यामुळे 'घरपोच देऊ नका असं कुठे लिहिलंय?' हा प्रश्नच चुकीचा आहे. 'द्या' असं कुठे लिहिलंय, ते शोधावं लागतं.

२०२०च्या टाळेबंदीत काही राज्यांनी ते लिहून दिलं. महाराष्ट्रात परवानाधारक ग्राहकाला दुकानदाराने माल घरी पोहोचवावा अशी सोय मे महिन्यात झाली. स्विगीने त्याच महिन्यात रांचीत सेवा सुरू केली, पुढे ओडिशा आणि पश्चिम बंगालचं नाव जोडलं गेलं. मध्य प्रदेशात मात्र किरकोळ विक्रीचा परवाना दुकानाच्या जागेला बांधलेला आहे. ग्राहकाच्या दारात विकण्याची मुभा त्यात नाही. सरकारचा कल कुठे आहे तेही बघा. १ एप्रिल २०२३ पासून ठेक्यांना लागून असलेले अहाते (बसून पिण्याच्या जागा) बंद झाले. १ एप्रिल २०२५ पासून एकोणीस धार्मिक ठिकाणची दुकानं बंद झाली, त्यात इंदूरच्या जवळची उज्जैन, ओंकारेश्वर आणि महेश्वर ही तिन्ही आहेत. दर वर्षी एक एप्रिलला आबकारी धोरण नवं होतं हे खरं. पण 'पुढच्या वर्षी घरपोच सुरू होईल' या भरवशावर जागा भाड्याने घेऊ नका.

लोक तीन पळवाटा सुचवतात. पहिली, रायडर फक्त ग्राहकाचा निरोप्या : ठेका उघडा असताना त्याच्या पैशाने बाटली घ्यायची आणि आपण फक्त पोहोचवणावळ घ्यायची. तुम्ही असं रोज करायला लागलात की ती परवान्याशिवायची विक्री आणि वाहतूक मानली जाऊ शकते, आणि त्या क्षणी बाटली रायडरच्या हातात असते, ग्राहकाच्या नाही. दुसरी, संध्याकाळी माल भरून ठेवायचा आणि रात्री जास्त भावाने काढायचा. ही तर सरळ अवैध विक्री झाली. तिसरी, चखण्याच्या हॅम्परमध्ये बाटली 'भेट' म्हणून घालायची. हॅम्परचे पैसे घेतले की ती भेट उरत नाही. शिवाय माणसाच्या पिण्याची दारू जीएसटीच्या बाहेर आहे, तिच्यावर व्हॅट लागतो. खाण्याच्या बिलात ती बसतच नाही.

शिक्षा मध्य प्रदेश आबकारी अधिनियम १९१५च्या कलम ३४ मध्ये आहे. थोडा माल सापडला तरी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. माल ५० बल्क लिटरच्या (म्हणजे प्रत्यक्ष मापाने ५० लिटरच्या) वर गेला की किमान एक वर्ष, जास्तीत जास्त तीन वर्षं कैद आणि २५,००० ते १,००,००० रुपये दंड. ५० लिटर ऐकायला खूप वाटतं. हिशेब करा : ७५० मिलीच्या बारा बाटल्यांची एक पेटी म्हणजे ९ लिटर. पाच पेट्या ४५ लिटर, सहावी ठेवली की ५४. बिअरच्या ६५० मिलीच्या बारा बाटल्या म्हणजे ७.८ लिटर, तिथे सातव्या पेटीला रेषा ओलांडते. एखाद्या शनिवारचा 'स्टॉक' एवढाच असतो. या रेषेपलीकडे गाडी जप्त करून सरकारजमा करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे, आणि जामीन सहज मिळत नाही. महिन्याला पंधरा हजारांवर ठेवलेल्या बावीस वर्षांच्या मुलाला आपण कशात ढकलतोय, ते मालकाने या आकड्यांत वाचावं.

मग विकायचं काय

घरी बसून पिणाऱ्याकडे बाटली आधीच असते. रात्री साडेअकराला त्याच्याकडचं संपतं ते बर्फ, सोडा, लिंबू, चखणा आणि जेवण. हे सगळं विकायला आबकारीचा काही संबंध नाही. आणि ही सेवा खरोखर उपयोगाची आहे. दोन पेग झाल्यावर बर्फ आणायला गाडी काढणारा माणूस रस्त्यावर धोकादायक असतो; मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल म्हणजे पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. त्याने घरातच बसावं आणि बर्फ दारात यावा, यात सगळ्यांचंच भलं आहे.

पण फक्त पिणाऱ्यांवर धंदा बांधू नका. ते शुक्रवार-शनिवारी आणि मॅचच्या रात्री येतात, मंगळवारी येत नाहीत. रोजचं गिऱ्हाईक वेगळं आहे. भंवरकुआंच्या कोचिंग आणि हॉस्टेलांमधली मुलं रात्री दोनपर्यंत जागी असतात. एमवाय या सरकारी रुग्णालयाच्या आसपास रुग्णांसोबत आलेली माणसं असतात, त्यांना अकरानंतर साधं, पोटाला सोसेल असं गरम अन्न लागतं. विजयनगर आणि सुपर कॉरिडॉरकडे आयटीच्या शिफ्टवाले. सराफ्यातला खाऊबाजार रात्री भरतो हे खरं, पण ज्याला तिथवर जाता येत नाही तोच तुमचा ग्राहक.

बर्फ

बर्फ सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त तोच फसवतो. नळाला नर्मदेचं पाणी येतं म्हणून ते तसंच साच्यात ओतू नका. मधल्या पाइपात आणि गच्चीवरच्या टाकीत काय मिसळलंय ते कळत नाही, आणि गोठवल्याने जंतू मरत नाहीत, फक्त थांबतात. पाणी गाळून, आरओ-यूव्हीतून काढून मगच गोठवा. बाजारातली लादी फोडून पेल्यात घालायचा विचारही नको. ती माल थंड ठेवायला असते.

क्यूब मशीनवर लिहिलेली क्षमता थंड हवेत, थंड पाण्यावर मोजलेली असते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत तीच मशीन बरंच कमी देते, आणि बर्फाची मागणी नेमकी मे महिन्यातच असते. म्हणून मशीन दिवसभर चालवायची आणि क्यूब लगेच एक-दोन किलोच्या पिशव्यांत बंद करून उणे १८ अंशाच्या डीप फ्रीझरमध्ये टाकायचे. सुटे ठेवले तर रात्री पन्नास वेळा झाकण उघडल्यावर वरचा थर थोडा वितळतो, परत गोठतो, आणि सगळ्या क्यूबची मिळून एक लादी होते. मग कोणीतरी तिच्यावर बत्ता घालतो.

वाटेतलं नुकसानही मोजता येतं. एक किलो बर्फ वितळायला सुमारे ३३४ किलोज्यूल उष्णता लागते. दोन सेंटिमीटर जाड थर्माकोलच्या बंद पेटीत, बाहेर तीस अंश असताना, दोन किलोतून अर्ध्या तासात थोडाच बर्फ जातो. तीच पिशवी हॅन्डलला लटकवून नेली तर अंगावर सतत वारा लागतो आणि कितीतरी जास्त पाणी होतं. ग्राहक पिशवी हातात घेताच तळातलं पाणी बघतो. थर्माकोलची पेटी गरम जेवणाच्या बॅगेत घालायची नाही, वेगळी बांधायची. हा नियम पहिल्या गर्दीत मोडतो, कारण रायडरला एकच बॅग सोपी वाटते.

काय प्रवास करतं, काय करत नाही

मेन्यू चवीवर ठरवू नका, वीस मिनिटं डब्यात राहिल्यावर पदार्थाचं काय होतं त्यावर ठरवा. मूगडाळीची खिचडी आणि कढी सगळ्यात भरवशाची : घट्ट असते, उष्णता धरते, हॉस्पिटलमधल्या माणसालाही चालते. भुट्ट्याचा कीस दुधात आटवलेला असल्याने अर्धा-पाऊण तास छान राहतो. इंदुरी साबुदाणा खिचडी वाफेवर ठेवलेली मोकळी असते, पण वरचं फराळी मिक्श्चर आधीच कालवलं तर पोहोचेपर्यंत मऊ होऊन चोथा होतो. ते वेगळ्या पुडीत द्या, लिंबू वेगळं. पोह्यांचंही तसंच : शेव, कांदा आणि जिरावण (वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला) सुटं.

गराडूचा (तळून खायच्या कंदाचा) मोह हिवाळ्यात सगळ्यांना होतो. दोनदा तळलेला गराडू कढईतून काढला की त्यातून वाफ निघत असते. बंद डब्यात ती झाकणाला लागून थंड होते, थेंब होऊन परत गराडूवर पडते, आणि दहा मिनिटांत कुरकुरीत सालीची चामडी होते. उपाय अर्धाच आहे : कागदी डबा, कडेला पाच मिलिमीटरची तीन-चार भोकं, खाली बटर पेपर, तळल्यावर एक मिनिट जाळीवर उघडा ठेवून मग भरणं, आणि दीड किलोमीटरच्या पुढे ऑर्डर न घेणं. कचोरीला हेच लागू. भजी तर यादीतून काढाच.

चखण्याची शेव किलोने आणून स्वतःच्या पुड्यांत भरायची असेल तर तुम्ही रिपॅकर ठरता, प्रत्येक पुडीवर घटक, तारीख, वजन आणि परवाना क्रमांक छापावा लागतो. सुरुवातीला कंपनीची सीलबंद छोटी पाकिटं बरी. अंडा भुर्जी ठेवणार असाल तर तवा, उलथनं, तेल वेगळं, आणि बॅगेतही वेगळा कप्पा. शाकाहारी ग्राहकाचा विश्वास एका वासाने जातो.

तापमानाची साधी शिस्त : गरम ते ६० अंशांच्या वर, थंड ते ५ अंशांच्या खाली, आणि मधल्या पट्ट्यात दोन तासांपेक्षा जास्त काहीही नाही. नऊला शिजवून ओट्यावर ठेवलेला भात एक वाजता फोडणी देऊन पाठवणं हे रात्रीच्या स्वयंपाकघरातलं सगळ्यात सर्रास आणि सगळ्यात घातक काम आहे. भातातल्या जिवाणूंनी सोडलेलं विष फोडणीने जात नाही.

तीन किलोमीटर

एक रात्र दहा ते तीन, पाच तासांची धरा. तीन किलोमीटरच्या घेऱ्यात एक फेरी : जायला सात मिनिटं, यायला सात, दारात सहा, स्वयंपाकघरात ऑर्डरची वाट पाहण्यात आठ-दहा. म्हणजे अर्ध्या तासाला एक, रात्रीत दहा. घेरा सहा किलोमीटर केला की तीच फेरी पाऊण तासाची होते आणि रात्रीत सहाच ऑर्डरी हाती लागतात.

आता पैसे. समजा सरासरी ऑर्डर २६० रुपयांची आहे. कच्चा माल ९१, पॅकिंग १६. रायडरला रात्रीचे ५०० रुपये, म्हणजे दहा ऑर्डरींत प्रत्येकी ५०. पेट्रोल सहा किलोमीटरचं साधारण १४. हातात उरले ८९. स्वयंपाकघराचा रात्रीचा ठरलेला खर्च (दोन आचारी, एक मदतनीस, भाडं, गॅस, वीज) २,९०० धरला तर तेहतीस ऑर्डरींना तो निघतो, आणि चार रायडर पुरतात. घेरा सहाचा करा : रायडर ८३ रुपये, पेट्रोल २८, हातात उरतात ४२. तोच खर्च काढायला आता सत्तर ऑर्डरी आणि बारा रायडर लागतात. भाव, पगार आणि भाडं तुमच्याकडचं घालून हा हिशेब पुन्हा मांडा. उत्तराचं वळण हेच येईल.

पहिल्या महिन्यात, स्वयंपाकघर राजेंद्रनगरात असताना लांबच्या विजयनगरची ऑर्डर आली की 'नाही' म्हणणं जड जातं. ती घेतली तर एक रायडर तासभर गायब होतो, आणि त्याच तासात जवळच्या तीन ऑर्डरी थंड होतात. म्हणून जागा निवडतानाच गिऱ्हाइकाच्या मध्यभागी निवडा. भंवरकुआंच्या मुलांसाठी धंदा असेल तर स्वयंपाकघर तिथे हवं, सुदामानगरात भाडं कमी पडतं म्हणून तिथे नको. बारानंतर ऑर्डरी ओसरतात. चारपैकी दोन रायडर साडेबाराला मोकळे करता येतील अशाच वेळा आधी ठरवून घ्या.

कागद

खाद्यपदार्थांची नोंदणी फॉस्कॉस या सरकारी पोर्टलवर होते. २०११च्या नियमांनी वर्षाला १२ लाखांच्या उलाढालीची रेषा आखली : त्याच्या आत साधी नोंदणी, वर्षाची फी १०० रुपये, आणि वर गेलं की राज्य परवाना. अर्ज करायच्या दिवशी पोर्टलवरची मर्यादा पाहून घ्या. दुकान व आस्थापना कायद्याखालचं गुमास्ता लागतं, आणि महापालिकेचा व्यापार परवाना. सेवेची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी. खाण्यावर ५ टक्के, इनपुट क्रेडिट नाही (खरेदीवर भरलेला कर वळता होत नाही). मोठ्या अॅपवरून आलेल्या ऑर्डरींवरचा हा कर १ जानेवारी २०२२ पासून अॅप कंपनीच भरते, थेट फोनवरच्या ऑर्डरींचा तुम्ही. दोन्हींच्या वह्या वेगळ्या ठेवल्या नाहीत तर मार्चमध्ये सीए डोक्याला हात लावतो.

गॅस १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडरच. घरगुती लाल सिलिंडर चुलीला जोडलेला सापडला तर जप्त होतो, आणि आग लागली तर विमा कंपनी हात वर करते. तळणीच्या तेलाला आग लागली की पाणी टाकायचं नाही, गॅस बंद करून झाकण ठेवायचं. के वर्गाचं अग्निशामक चुलीपासून दोन पावलांवर, दरवाज्याच्या बाजूला टांगा.

रात्री किती वाजेपर्यंत चालू ठेवता येईल हे लेखी घ्या. सप्टेंबर २०२२ मध्ये बीआरटीएसच्या (बससाठी राखलेल्या मार्गाच्या) कडेची साडेअकरा किलोमीटरची पट्टी रात्रभर खुली झाली होती, आणि जुलै २०२४ मध्ये ती सवलत गेली. ज्यांनी त्या भरवशावर कर्ज काढलं असेल त्यांचे हप्ते काही थांबले नसतील. इंदुरात डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे. आपल्या ठाण्यात जाऊन जागा, वेळ, रायडरांची नावं आणि गाड्यांचे नंबर देऊन या. मग दोन वाजता चौकात थांबवलेला मुलगा अनोळखी राहत नाही. त्याच्याजवळ लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी आणि त्या ऑर्डरचं छापील बिल असलंच पाहिजे. विम्याची पॉलिसी वाचा : खासगी दुचाकी धंद्यासाठी वापरली म्हणून अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो.

दारात

रायडर फाटकापर्यंत जातो, फ्लॅटच्या आत नाही. पार्टीतला कोणी 'ये ना, बस' म्हणाला तरी नाही. मुलगी रायडर असेल तर ऑर्डर घेणाऱ्याने फोन चालू ठेवायचा. नव्या ग्राहकाकडून पैसे आधी यूपीआयने. रात्रीच्या खोट्या ऑर्डरी याने जवळजवळ थांबतात. पत्त्यासोबत जवळची खूण आणि फाटकाचा नंबर विचारा, कारण मोठ्या वसाहतीत रात्री एकच फाटक उघडं असतं आणि ते बहुतेक वेळा मागचं असतं. दहानंतर हॉर्न नाही, फोन करायचा. निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे आणि पहिली तक्रार शेजारीच करतात. कुत्री मागे लागली तर वेग वाढवायचा नाही, हळू व्हायचं. हे नव्या मुलाला पहिल्याच दिवशी सांगा, कारण रात्रीची पडझड बरीचशी यानेच होते.

बाटलीची विचारणा तरी होणारच, रोज. फोनवरच्या माणसाला एकच वाक्य पाठ हवं : 'काका, दारू आम्ही देत नाही, बर्फ, सोडा आणि जेवण पंचवीस मिनिटांत पाठवतो.' वाद नको, उपदेशही नको. आणि रायडरने कोणाचंही पार्सल घ्यायचं नाही. 'जाता जाता ही पिशवी माझ्या मित्राकडे दे' म्हणून हातात ठेवलेल्या पिशवीत काय आहे, त्याचा जाब चौकात त्यालाच द्यावा लागतो.

तीनला चुली बंद झाल्यावर अजून पाऊण तासाचं काम उरतं. तेल कोमट झाल्यावर गाळून रंग आणि वास बघायचा. पोलर घटकांची (पुन्हा पुन्हा तापवल्याने तेलात साठणाऱ्या खराब घटकांची) मर्यादा २५ टक्के आहे, ती मोजायच्या पट्ट्या मिळतात, आणि फेस धरणारं तेल पट्टीशिवायही टाकूनच द्यायचं, नाल्यात नाही, वापरलेलं तेल गोळा करणाऱ्याच्या डब्यात. फ्रीझरचं तापमान वहीत लिहायचं. प्लॅस्टिकचे चमचे-स्ट्रॉ १ जुलै २०२२ पासून बंदच आहेत, तेव्हा लाकडी चमच्यांची उद्याची मोजणी आत्ताच करून ठेवा. आणि कचरा सहा डब्यांत वेगळा, कारण सकाळी पालिकेची गाडी येते तेव्हा तुमची माणसं झोपलेली असतात, आणि मिसळलेला डबा बघून गाडीवाला दंडाची पावती शटरखालून सरकवून जाऊ शकतो.